‘किडनीसाठी कुणाला दाखवू?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ‘आईचं क्रिएटिनिन वाढलंय, बडोद्यात किडनीचा अनुभवी डॉक्टर कोण?’ (क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला, किडनीने बाहेर टाकायचा कचरा.) दांडिया बाजारात भाजी घेताना, गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न कुठेही येतो आणि विचारणाऱ्याला लगेच एक नाव हवं असतं. नाव सांगायला वेळ लागत नाही. पण शेजारच्या काकांना ज्यांचा गुण आला, तेच डॉक्टर तुमच्या आईच्या कामाचे असतील असं नाही. म्हणून आधी थोडं ऐकून घ्या.

किडनीचे डॉक्टर दोन प्रकारचे. आपल्याकडे मराठी घरांतही मुतखड्याला ‘पथरी’च म्हणतात, आणि पथरी काढणारे ते किडनीचे डॉक्टर अशी समजूत असते. ते युरॉलॉजिस्ट, म्हणजे सर्जन. एम.एस. झाल्यावर एम.सीएच. केलेले. मुतखडा, प्रोस्टेट, लघवीची अडकलेली वाट, किडनीतली गाठ ही त्यांची कामं. क्रिएटिनिन वाढणं, लघवीतून प्रथिनं जाणं, पायांवर सूज, डायबिटीस किंवा बीपीमुळे किडनी थकणं, डायलिसिस, हे सगळं नेफ्रॉलॉजिस्टचं. एम.डी. मेडिसिननंतर तीन वर्षांचं डी.एम. नेफ्रॉलॉजी, किंवा त्याच तोडीचं डीएनबी, हल्लीचं नाव डीआरएनबी. पाटीवर नुसतं ‘किडनी स्पेशालिस्ट’ लिहिलेलं असेल तर खालची पदवी वाचा. डायलिसिसचा छोटा कोर्स म्हणजे नेफ्रॉलॉजीची पदवी नव्हे. शंका वाटली तर नॅशनल मेडिकल कमिशनच्या इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव घालून नोंदणी पाहता येते, आणि ते पाहण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आता आकडा. नुसत्या क्रिएटिनिनवरून घाबरू नका, आणि निर्धास्तही राहू नका. १.५ हे क्रिएटिनिन पंचवीस वर्षांच्या मुलाचं असेल तर किडनीचं काम, म्हणजे ईजीएफआर, साधारण ६६ निघतं. तेच १.५ पासष्ट वर्षांच्या बाईंचं असेल तर ३८ च्या आसपास. रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबला वय आणि स्त्री-पुरुष सांगून काढून मागा. आदल्या रात्री मटण झालं असेल तर आकडा तात्पुरता चढतो, हेही लक्षात ठेवा. किडनीचा जुनाट आजार म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला असावा लागतो, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. त्याच्या जोडीला सकाळच्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण करून घ्या, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातं ते कळतं. ही तपासणी फारशी महाग नाही आणि तीच सगळ्यात जास्त राहून जाते.

नेफ्रॉलॉजिस्टकडे जायलाच हवं ते कधी? ईजीएफआर ३० च्या खाली गेला, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण ३०० च्या वर गेलं, वर्षभरात ईजीएफआर पाचाहून जास्त घसरला, लघवीत प्रथिनांबरोबर रक्तही आलं, चार गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नाही, किंवा घरात कुणाला किडनीत पाण्याच्या गाठींचा वंशपरंपरागत आजार आहे, यांपैकी एक जरी असलं तरी. ईजीएफआर ४५-५० वर वर्षानुवर्षं स्थिर असेल आणि लघवी स्वच्छ असेल तर तुमचे नेहमीचे फिजिशियन सांभाळू शकतात. मात्र लघवी एकदम कमी झाली, धाप लागली किंवा पोटॅशियम ६ च्या वर गेलं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा. इथे पेशंट फार लवकर आल्याची तक्रार क्वचितच असते. उशीर झाल्याचीच असते.

जाण्याआधी फाइल लावा. फाइलमधला पहिला कागद म्हणजे एक तक्ता. आडव्या ओळीत तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवीतलं अल्ब्युमिन, बीपी, वजन. मागची तीन-चार वर्षं जेवढं सापडेल तेवढं भरा, शक्यतो एकाच लॅबचं. समजा क्रिएटिनिन ०.९, १.०, १.१ असं हळूहळू चढत आलंय आणि मधेच सहा महिन्यांत १.९ झालंय. मग त्या सहा महिन्यांत काय झालं ते पेन्सिलीने शेजारी लिहा: मे महिन्यात जुलाब, गुडघ्यासाठी तीन आठवडे डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी, कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन. निम्मं निदान त्या पेन्सिलीच्या ओळीत असतं. एका कापडी पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घाला. त्यात सांधेदुखीचं चूर्ण आणि कुणी दिलेली भस्माची पुडीही यायला हवी, कारण लपवली जाते ती नेमकी तीच. सोनोग्राफीचे जुने रिपोर्ट घ्या. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर असते. दोन्ही किडन्या आक्रसून ८ च्या खाली गेल्या असतील तर बिघाड बहुतेक जुना. आकार नीट असून क्रिएटिनिन वेगाने चढत असेल तर कारण अजून सापडू शकतं, आणि तिथे एक-एक आठवडा मोलाचा.

अनुभव ओळखायचा तो केबिनमधल्या गर्दीवरून नाही. अनुभवी डॉक्टर तुमचा तक्ता आधी बघतात, मग आजचा आकडा. वेदनाशामक गोळ्यांबद्दल दोनदा विचारतात. अंगठ्याने नडगीवर दाबून खळगा किती वेळ राहतो ते पाहतात. लघवी मायक्रोस्कोपखाली बघायला लावतात. उलट्या-जुलाब झाले तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या ते आधीच लिहून देतात. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, पुढे तीच गोळी किडनी राखते. हे कुणी समजावलेलं नसतं म्हणून किती जण ती गोळी आपणहून बंद करतात, आणि मग डॉक्टरही बदलतात. या आजारात दर वर्षी डॉक्टर बदलण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बायॉप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, सुचवली तर घाबरून उठू नका. ‘नमुना कुठे पाठवता? इम्युनोफ्लुओरेसन्स होतं का?’ एवढं विचारा. (ही त्या तुकड्याची खास रंग लावून केलेली तपासणी.) जे नियमित बायॉप्सी करतात त्यांचं उत्तर तयार असतं. आधी बीपी ताब्यात आणतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं बघतात आणि नंतर काही तास पाठीवर निजवून ठेवतात. ‘किडनी पुन्हा जिवंत करतो’ असं सांगून महिन्याचा कोर्स विकणाऱ्याकडे मात्र एक रुपयाही देऊ नका.

खाण्याबद्दल थोडक्यात. आपल्या शहराची सेव-उसळ, फाफडा, पापडी, अथाणं यांत मिठाबरोबर पापडखारही असतो, म्हणजे पुन्हा सोडियमच. दिवसाचं मीठ पाच ग्रॅम, सपाट एक चमचा, आणि त्यात विकतचं सगळं धरायचं. सैंधव हेही मीठच. सगळ्यात धोक्याचं ते ‘लो सोडियम’ मीठ. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि कमजोर किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. शहाळ्याचंही तेच. डाळ बंद, दूध बंद असा सरसकट उपास कुणाच्या सांगण्यावरून करू नका, त्याने माणूस खंगतो.

डायलिसिसची वेळ येणार असेल तर डॉक्टरांइतकंच युनिट महत्त्वाचं. एकदा आधी जाऊन बघा. हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी मशीन वेगळं आहे का, आरओच्या पाण्याची तपासणी कधी झाली, नेफ्रॉलॉजिस्ट स्वतः राउंडला कधी येतात, रात्री दोन वाजता फोन कुणी उचलतं. आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास हा रूढ हिशेब. पैशांपायी दोनदा करणारे खूप आहेत, पण त्याचे परिणाम डॉक्टरांकडून समजून घ्या. आयुष्मान कार्डावर गुजरातेत २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ते विशिष्ट हॉस्पिटल डायलिसिससाठी योजनेत आहे का, हे तिथल्या योजनेच्या खिडकीवर आधी विचारा. घरापासूनचं अंतरही बघा. आठवड्यातून तीनदा जायचंय.

दुसरं मत घ्यायला आपण नशीबवान आहोत. सयाजी हॉस्पिटल शहरातच आहे. आणंदच्या पुढे नडियादला मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल १९७८ पासून आहे, आणि नाव युरॉलॉजीचं असलं तरी तिथे नेफ्रॉलॉजी आणि ट्रान्सप्लांटही होतं. अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदींनी उभी केलेली किडनी इन्स्टिट्यूट आहे. बायॉप्सीचा निकाल गुंतागुंतीचा असेल किंवा ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर तिथे जरूर जा, पण महिन्याच्या महिन्याला दाखवायला गावातलेच एक डॉक्टर ठेवा आणि तिथला कागद त्यांना आणून दाखवा.

आणि एक काम आजच करा. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर, उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डावा हात राखायचा. त्या हाताच्या कोपरात सुई नको, सलाइन नको. पुढे डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे हातातली शीर धमनीला जोडायचं छोटं ऑपरेशन, करायचा झाला तर तिथलीच शीर लागते, आणि ती पिकायला निदान सहा आठवडे ते तीन महिने जातात. ती टोचून खराब झाली की डायलिसिससाठी मानेतल्या नळीवर यावं लागतं, आणि नळीला जंतुसंसर्ग फार. रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाला उजव्या पंजाच्या मागची बाजू दाखवा, आणि फाइलच्या कव्हरवर लाल शाईने लिहून ठेवा: ‘डाव्या हाताला सुई लावू नये.’