एका जहाजावर दोन वारे

जुन्या शिडाच्या जहाजाचं हे चित्र पुरं व्हायला मला चार महिने लागले. त्यातला महिनाभर तरी एका निशाणाने खाल्ला.

एचएमएस त्रिंकोमाली ही ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली बांधली गेली, तीही सागवानात. कारण इंग्लंडात तेव्हा जहाजांसाठीच्या ओकच्या लाकडाची टंचाई होती. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. पुढे आफ्रिकेला वळसा घालून आणि वाटेत सेंट हेलेनाला थांबून ३० एप्रिल १८१९ ला इंग्लंडातल्या पोर्ट्समथ बंदरात पोचली. नेपोलियन तेव्हा सेंट हेलेना बेटावरच कैदेत होता. मला चितारायचा होता तो या प्रवासाचा शेवटचा तास, बंदरात शिरतानाचा.

कॅनव्हास ३६ बाय २४ इंची, रंग तैलरंग. गाडी पहिल्यांदा अडली ती जहाजाच्या अंगावर. फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं होत जाणारं ते लाकडी अंग नुसत्या नजरेने काढलं की केळं दिसतं. शेवटी एक खोका काढला, साधारण १५० फूट लांब आणि ४० फूट रुंद या प्रमाणात. त्याला नीट पर्स्पेक्टिव्ह दिलं आणि मग जहाज त्या खोक्यात बसवलं. पाच कागद फुकट गेले, सहावा जमला.

दुसरी चूक क्षितिजाची. बघणारा बंदराच्या तोंडाशी असलेल्या राउंड टॉवरवर उभा आहे, असं मी धरलं होतं. क्षितिजरेषा मात्र ओढली जहाजाच्या कठड्याखालून, म्हणजे होडीत बसून बघितल्यासारखी. नियम सोपा आहे: आपली नजर पाण्यापासून जितकी उंच, तितक्याच उंचीवर क्षितिज समोरच्या प्रत्येक जहाजाला कापतं. रेषा वर सरकवल्यावर डेकची एक पट्टी दिसायला लागली आणि त्यावर माणसं आली. ती मुद्दाम तांदळाएवढी ठेवली. माणूस जरा मोठा झाला की फ्रिगेटचा मचवा होतो.

आता ते निशाण. वारा मी दक्षिणेचा ठरवला. बंदराचं तोंड दक्षिणेकडे उघडतं आणि ते अरुंद आहे. पाठीवर वारा आणि खाली भरतीचं पाणी असलं की आत शिरणं सोपं. खालची मोठी शिडं गुंडाळली, वरची पुढे फुगवली आणि पिछाडीच्या काठीवर निशाण छान मागे फडकवलं. रंग वाळला. मी खूश!

आमच्या ओळखीत शिडाच्या होड्या चालवणारे एक काका आहेत. ते आले, चहा पिता पिता दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "या जहाजावर दोन वारे कसे काय?"

मला कळेना. मग त्यांनी बोटाने दाखवलं. शिडं पुढे फुगली आहेत, म्हणजे वारा मागून. मग निशाण मागे कसं जाईल? मोटारीवरचा झेंडा मागे उडतो, कारण ती हवा कापत धावते. पाठीवरचा वारा घेऊन चाललेलं जहाज त्या वाऱ्यापेक्षा हळू जातं, म्हणून त्याचं निशाण पुढे, नाळेकडेच उडणार. ऐकताना इतकं उघड वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

बरं, निशाण पुसून भागलं असतं तर ठीक. पण वारा म्हटलं की सगळं चित्रच त्याचं. किनाऱ्यावरच्या धुराड्यांचा धूर उलटा चालला होता. मासेमारीच्या होडीचं शीड भलत्याच बाजूला होतं. लाटांचे शेंडे समुद्राकडे मोडत होते. ज्या आडव्या काठ्यांना शिडं बांधतात त्या मी दिसायला बऱ्या म्हणून तिरप्या ठेवल्या होत्या. मागून वारा घ्यायला त्या जहाजाला जवळजवळ काटकोनात लागतात. एकेक करत सगळं फिरवलं.

त्यामानाने दोरखंडांची भीती फुकटच होती. त्यासाठीचा लांब केसांचा बारीक ब्रश मिळतो, त्याचं नावच रिगर. डोलकाठ्यांना ताणून धरणारे दोर डांबर लावलेले, म्हणून गडद. शिडं ओढायचे दोर फिक्या तागाच्या रंगाचे. काळा रंग कुठेच वापरला नाही, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी यांच्यावर भागवलं. निम्मे दोर मध्येच हवेत सोडून दिले. सगळे काढले की जहाज पिंजऱ्यात ठेवल्यासारखं दिसतं.

शिडांवर मात्र मनसोक्त वेळ घालवला. मागून ऊन येत असल्यामुळे कापड मधासारखं पिवळट झालं. पुढे या जहाजाला पंचवीसेक वर्षं कामच नव्हतं; १८४५ पर्यंत ते बंदरात नुसतं बांधून ठेवलेलं होतं. तेव्हा ही शिडं जरा जास्तच उजळली तर हरकत नाही, असं मीच मला सांगितलं.

जुनं निशाण खरवडून काढायला हवं होतं. मी आळस केला आणि वरून आभाळ फासलं. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड पडला की जहाजाच्या मागे ती कड अजून उठून दिसते.