बासच्या ठोक्याला हेडलाइट का मिचमिचतात

गाडी उभी, इंजिन चालू, समोर भिंत. सबवूफरचा (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) ठोका पडला की भिंतीवरचा उजेड पिवळा पडायचा. शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "अरे, लाइट मिचमिचतायत. वायरिंग जळेल एखाद दिवशी." त्या रात्री मला झोप लागली नाही.

सगळे सांगतात म्हणून आधी १ फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटकन देणारा डबा) बसवला होता. ढिम्म फरक पडला नाही. मग कागद घेतला. १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना असा कपॅसिटर जेमतेम ३२ जूल देतो. माझा क्लास डी ॲम्प्लिफायर १००० वॅटचा, ८० टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीकडून १२५० वॅट ओढणारा. म्हणजे कपॅसिटरची शिदोरी २५ मिलिसेकंदांत संपली. ४० हर्ट्‌झच्या बासची एक लाट तेवढ्याच वेळाची असते! कपॅसिटर वीज तयार करत नाही. दुसरी बॅटरीसुद्धा नाही. चालू गाडीत वीज तयार करतो तो फक्त अल्टरनेटर.

आणि माझा अल्टरनेटर ९० ॲम्पिअरचा. १२५० वॅट म्हणजे १३.८ व्होल्टला ९० ॲम्पिअर एकट्या ॲम्प्लिफायरलाच. वर हेडलाइट, एसीचा ब्लोअर, इंजिन मिळून ३५ तरी. संगीत सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही म्हणून रस्त्यावर निभायचं. पण आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद फिरत असताना, अल्टरनेटर त्याच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच देतो. ठोक्याला उरलेली वीज बॅटरीतून येते, आणि पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा साडेबारा-पावणेतेरा व्होल्टच्या वर राहत नाही. माझ्या मीटरवर १४.२ चे १२.४ होत होते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे एवढ्या घसरणीत एक तृतीयांशाहून जास्त उजेड जातो. (एलईडी हेडलाइटवाल्यांनो, तुमचे दिवे स्थिर दिसतात ते त्यांच्या आतल्या ड्रायव्हर सर्किटमुळे. मीटर लावून बघाच.)

अल्टरनेटर बदलण्याआधी मी विजेची वाट तपासली. इंजिन २००० आरपीएमवर, बास चालू, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर: ०.४ व्होल्ट वाटेत गडप. मग अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: ०.५. इंजिनची अर्थची (गाडीच्या बॉडीशी जोडणारी) पट्टी सोडवली, तर बोल्टखाली हिरवा गंज. एवढ्याशा गंजात अर्धा व्होल्ट!

तिन्ही वायरी दुपदरी केल्या: अल्टरनेटर ते बॅटरी, इंजिन ते बॉडी, बॅटरी मायनस ते बॉडी. जुन्या तशाच ठेवून शेजारून १/० गेजची, म्हणजे चांगली जाड, शुद्ध तांब्याची वायर. इथे कंजूसपणा करू नका. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीला दीडपटीहून जास्त रोध दाखवते. अर्थ जिथे लावायचा तिथला रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासा. प्रत्येक नव्या प्लस वायरवर बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवाच. तो वायरला वाचवायला असतो, म्हणून वायरच्या क्षमतेप्रमाणे निवडा. नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे जादा अर्थ थेट बॅटरीच्या टर्मिनलला जोडला तर गाडीचा करंटचा हिशोब चुकतो. सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला जोडा.

दोन्ही घसरणी ०.१ च्या खाली आल्या. रस्त्यावरचं मिचमिचणं थांबलं. सिग्नलला मात्र ठोक्यासरशी १२.७, आणि त्यावर वायरींचा इलाज नव्हता. तेव्हा मोठा अल्टरनेटर घेतला, १८० ॲम्पिअरचा. घेताना डब्यावरचा आकडा बाजूला ठेवून आयडलला किती देतो ते विचारलं: १०० ॲम्पिअर. जे दुकानदार हे सांगू शकत नव्हते, त्यांच्याकडून मी घेतला नाही.

काल पुन्हा त्याच भिंतीसमोर. आयडल, हेडलाइट, एसी, ब्रेकवर पाय, बाबा शेजारी. ४० हर्ट्‌झचा ठोका पडला, काच थरथरली. मीटर १३.५ च्या खाली गेलं नाही. बाबा भिंतीकडे बघत होते. "अजून एकदा लाव," म्हणाले.