गॅदरिंग एप्रिलच्या उन्हात का?

‘बाई, सगळीकडं गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत होतं. तुमच्या अंगणवाडीचंच एप्रिलच्या उन्हात का?’ पालक विचारतात, पाहणीला आलेल्या मॅडम विचारतात, लग्न होऊन शहरात गेलेल्या आमच्या गावच्या लेकीही विचारतात. त्याला जोडून हमखास दुसरा प्रश्न येतो: शहरातल्या नर्सरीसारखा काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून लेकरांचे फोटो का काढत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

डिसेंबरात आमची लेकरं गावात नसतात. आमची वाडी बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. रान हलकं, पाणी पावसाचं. दसरा झाला की टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली माणसं ऊसतोडीला जायला ट्रॅक्टरवर बिऱ्हाड चढवतात. नवरा-बायकोची तोडणारी जोडी म्हणजे एक कोयता. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूर-नगरकडं, कुणी थेट कर्नाटकात. शाळेत जाणारी मोठी पोरं आजीजवळ राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. पण तीन-चार वर्षांचं लेकरू आईवाचून कुठं राहणार? ते आईबरोबर जातं, उसाच्या फडाच्या बांधावर खेळतं, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत झोपतं. त्यामुळं हंगामात आमच्याकडं शाळेच्या वर्गांपेक्षा अंगणवाडी जास्त रिकामी होते.

अशा दिवसांत मंडप घालून गाणी लावली तर नाचणार कोण? ज्यांच्या विहिरीला पाणी आहे, ज्यांचं दुकान आहे, घरात नोकरी आहे, त्यांची लेकरं. त्यांचं कौतुक व्हावंच, ती माझीच आहेत. पण पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परत येतात आणि बाकीची लेकरं भिंतीवर त्या दिवसाचे फोटो बघतात. आपण त्यात नाही, हे पाच वर्षांच्या लेकराला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मला ते मान्य नाही.

बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. लेकरं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. लेकरू जिथं असेल तिथं जायचं, ही आमच्या कामाची जुनी रीत आहे. मग लेकरू जेव्हा असेल तेव्हा कार्यक्रम घ्यायला काय हरकत आहे?

टोळ्या आल्या की मी आधी वजनकाटा काढते. वजन, उंची, दंडघेर. बहुतेक लेकरं उन्हानं करपलेली असतात, केस राठ झालेले असतात, काही जण बोलायलाच तयार नसतात. दोन-चार दिवस त्यांना नुसतं खेळू देते. मग हळूहळू बोलायला लावते, आणि काय काय बाहेर पडतं! मोळ्या मोजता येतात. ट्रॅक्टरला किती ट्रॉल्या होत्या ते सांगतात. गाडीचे बैल कोणता मारका, कोणता गरीब, सगळं पाठ. एक पोरगी कानडी शिकून आली होती आणि सगळ्यांना ‘बा, बा’ म्हणत बोलवायची. ही लेकरं ‘मागं पडली’ असं म्हणणाऱ्या माणसानं एकदा त्यांच्याजवळ बसून ऐकावं.

आता कार्यक्रमाचं. राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान चालतं. त्यात पहिलीत जाणाऱ्या लेकरांचा एक मेळावा एप्रिलमध्ये आणि दुसरा शाळा उघडायच्या वेळी जूनमध्ये होतो. आधी नाव नोंदवायचं, मग एकेका टेबलावर थांबत पुढं जायचं: कुठं दोरीवरून चालायचं, कुठं चित्र बघून गोष्ट सांगायची, कुठं खडे मोजायचे, लहान-मोठं लावायचं. प्रत्येकाचं विकासपत्र भरलं जातं. आमचं गॅदरिंग म्हणजे पहिलीत जाणाऱ्या लेकरांचा निरोप, तो आम्ही एप्रिलच्या मेळाव्याच्या सकाळीच घेतो. सोबत आई असते, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट तीच. जी बाई स्वतःला अडाणी म्हणवते, ती बघते की आपल्या लेकराला रंग ओळखता येतात, उड्या मारत दहापर्यंत मोजता येतं. ‘माझं लेकरू येवढं बोलायलंय?’ असं एक आई म्हणाली, तेव्हा तिच्या तोंडाकडं बघून मला भरून आलं. पुढं जूनपर्यंत याच आया गटानं बसतात, घरी भाकरी मोजायला लावतात, ज्वारीतून खडे निवडायला लावतात. शाळेची तयारी चुलीपाशीही होते.

मेळावा झाला की आम्ही रांगेनं शाळेत जातो. शाळा दोन मिनिटांवर आहे, पण लेकरासाठी ती दुसरी दुनिया. मोठ्यांना वाटतं की त्याला अभ्यासाची भीती असेल. त्याचे प्रश्न वेगळेच असतात. शू आली तर कुणाला सांगायचं? चप्पल कुठं काढायची? जेवायचं ताट घरून आणायचं का? ताई त्याच वर्गात असेल का? अंगणवाडी दुपारी सुटते, शाळा संध्याकाळपर्यंत चालते, मग मधे आई येईल का? म्हणून आम्ही भाषणं ठेवत नाही. नळ दाखवतो, संडास दाखवतो, दार आतून कसं उघडायचं ते प्रत्येकाकडून करून घेतो, पहिलीच्या वर्गात बसवतो. तिसरी-चौथीतलं एकेक मोठं लेकरू एकेकाचा हात धरतं. तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतात, त्यांच्याजवळ तांड्यावरचंच मोठं लेकरू देतो, म्हणजे पहिल्या दिवशी रडू आलं तर ते कुणालातरी स्वतःच्या बोलीत सांगता येईल. पहिलीचे गुरुजी त्याआधी आठवडाभरात कधीतरी आमच्याकडं येऊन सतरंजीवर लेकरांत बसून जातात. तेवढ्यानं जूनमधलं निम्मं रडणं कमी होतं, हे मी डोळ्यांनी बघते.

एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ ची, सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. शाळा शिक्षण विभागाची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने खेळातून जावेत म्हणून ‘विद्या प्रवेश’ही आला. हे फार चांगलं झालं. पण तीन वर्षं माझ्या डोळ्यांपुढं वाढलेलं लेकरू रजिस्टरमधून उतरतं आणि दुसऱ्या रजिस्टरात नुसतं नाव-जन्मतारीख होऊन चढतं. म्हणून मी प्रत्येकाची एक चिठ्ठी लिहून गुरुजींच्या हातात देते. मुळाक्षरं किती येतात हे त्यात नसतं. ‘रडलं तर बोलायला लावू नका, पाणी द्या.’ ‘डाव्या हातानं लिहितो, हात बदलू नका.’ ‘कमी ऐकू येतं असं वाटतं, पुढं बसवा, आरोग्य पथक आलं की दाखवा.’ ‘दिवाळीच्या आधी फडावर जाईल, आजी ठेवून घ्यायला तयार आहे, बोलून ठेवा.’ ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पहिलीतलं लेकरू पुन्हा कोयत्यामागं गेलं की शाळा सुटायची सुरुवात तिथूनच होते.

निरोप फक्त जाणाऱ्यांचा नसतो. मागं राहणाऱ्या तीन-चार वर्षांच्या लेकरांच्या अंगणवाडीतले दादा-ताई जायलेत, त्यांनाही ते लागतं. म्हणून त्या आठवड्यात कामं हातात दिली जातात. सतरंजी कशी झटकून अंथरायची, परसबागेतल्या कढीपत्त्याला किती तांब्ये पाणी घालायचं, खिचडीच्या वेळी धाकट्यांना आधी कसं वाढायचं, हे मोठी लेकरं धाकट्यांना शिकवतात. काय तो रुबाब! मदतनीस मावशी आणि मी बाजूला उभ्या राहतो, मधे बोलत नाही.

झग्याचं विचारलंत. तो भाड्यानं येतो, आणि इथं पुढच्या हंगामाची उचल आधीच डोक्यावर असलेली घरं आहेत. पन्नास घरांतली पाच मागं राहतील असा कुठलाही खर्च मी काढत नाही. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात ते काळं कापड लेकराच्या अंगावर चढवायचं कशाला? फोटो मात्र काढतो, आई-बापाच्या मधे लेकरू उभं करून. जेवायला आया धपाटे आणि दही आणतात, कैरीचं पन्हं असतं, कुणी पाडव्याच्या गाठीतली उरलेली साखर लेकरांच्या हातावर ठेवतं.

कधी हंगाम लांबतो. २०२१-२२ ला ऊस इतका होता की गाळप जूनपर्यंत चाललं. अशा वेळी एप्रिल चुकलेल्या लेकरांचं सगळं जूनच्या मेळाव्यात पुन्हा करतो: नळ, दार, हात धरणारं मोठं लेकरू, चिठ्ठी. एकटं लेकरू असलं तरी करतो.

यंदा यायचं असेल तर पाडव्यानंतर विचारा. शेवटची टोळी आल्याशिवाय तारीख धरत नाही. सकाळी साडेसातला या, नऊनंतर ऊन सोसत नाही. आणि लेकराच्या वडिलांनाही घेऊन या, आया येतातच.