आधी माझ्याकडे पाहिलं

सिस्टरनी कार्ड पुढे धरलं, "सांग बघू, किती दुखतंय?" छोटीने कार्डाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मग दुसऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. "दोन."

एवढंच झालं आज. बाकी सगळं नेहमीसारखं. पण रात्रीचे साडेअकरा वाजलेत, ती झोपलीय, सलाईन केव्हाच संपलंय, आणि मी अजून त्या 'दोन'पाशीच आहे.

दोन कसले! शीर सापडेना म्हणून तिसऱ्यांदा सुई टोचली होती. चेहरा अगदी साधा ठेवला होता तिने, पण पायाची बोटं चादरीत रुतवून घट्ट आवळली होती. चेहऱ्याला शिकवलंय, पायांना शिकवायचं राहिलंय.

ते कार्ड आम्हाला पाठ आहे. कोपऱ्यातलं प्लॅस्टिक सुटलंय, तिथे ती नखाने उचकटत बसते. सहा चेहरे, शून्य ते दहा, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. वाँग आणि बेकर या दोघींनी १९८०च्या दशकात ते लहान मुलांना हाताशी घेऊनच तयार केलं. शेवटच्या चेहऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे, पण एवढं दुखायला रडायलाच हवं असं नाही, हे मुलांना सांगायचं असतं. नंतर २००१ मध्ये दुसऱ्या काही जणांनी चेहऱ्यांची एक पट्टी सुधारून काढली, तिच्यात ना हसू ना आसू. कारण हसू-आसू दिसलं की मुलं दुखणं सोडून मनाचं सांगायला लागतात म्हणे. हे वाचून मला हसूच आलं. आमची तर मनाचंही सांगत नाही, आणि सांगितलंच तर ते माझ्या मनाचं असतं.

ही सवय लागली कधी, तेच शोधतेय. मागच्या वर्षी मनगटाजवळ हाड मोडलं ते रात्री नऊला, आणि मला कळलं सकाळी सहाला. "तू झोपली होतीस ना." जन्मापासूनचं ते अकरावं फ्रॅक्चर. प्लास्टर घालताना मलाच 'सॉरी' म्हणाली, जशी काही माझी बरणी फोडली होती. तेव्हा मी तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले, किती समजूतदार आहे बघा. समजूतदार! आज वाटतंय, त्या कौतुकाचाच हा हप्ता असणार.

एक्स-रेची फिल्म उजेडात धरताना माझं तोंड कसं होत असेल, मला काय ठाऊक. ते तिनेच पाहिलंय. मी आरशात बघून एक्स-रे बघत नाही.

आता याचाही हिशोब द्यायचा का मी? आठ वर्षांत एक रात्र सलग झोप नाही. ती कूस बदलते तर मी जागी. शाळेतून फोन आला की नंबर बघूनच हात गार पडतात. त्यात आता चेहराही नीट ठेवायचा. आणि कोणी विचारत नाही मला, कार्ड धरून, की बाई, तुमचं किती.

जाऊ दे. हे वाचायलाही बरं दिसत नाही.

संध्याकाळी तिची वेणी घालत होते. डॉक्टरांनी पहिल्यांदा आजार समजावला तेव्हा वेणीचाच दाखला दिला होता. कोलॅजन, म्हणजे हाडांना बळकटी देणारं प्रथिन, ही तीन पेडांची वेणी. प्रत्येक पेडात दर तिसरा मणी ग्लायसीन नावाच्या अमिनो आम्लाचा, सगळ्यांत लहान, म्हणून तर ती घट्ट बसते. हिच्या एका पेडात एकाच जागी लहानाऐवजी मोठा मणी आलाय. सतराव्या गुणसूत्रावरचं एक अक्षर बदललं आणि हाडं ठिसूळ झाली. सलाईनमधून देतात ते औषध हाडं झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतं, पण वेणी नव्याने गुंफून देत नाही. आम्हा दोघांतही तो बदल सापडला नाही, तिच्यातच नव्याने झालाय. "म्हणजे तुमची चूक नाही," असं म्हणाले होते ते. मी मान डोलावली होती. असो.

डोळ्यांचा पांढरा भागही त्यामुळेच पातळ, निळसर. लोक म्हणतात, काय सुंदर डोळे आहेत हिचे. आहेतच. पण ते दिवसभर माझ्यावर असतात हे मला आज कळलं.

दादाबद्दलही लिहायचं होतं. तो हल्ली काही मागतच नाही. त्याचं नंतर.

---

काल इथवर लिहून वही मिटली. आज दुसरा दिवस, पुन्हा चार तासांचं पॅमिड्रोनेट, तेच सलाईनमधलं औषध. शीर मात्र एका टोच्यात सापडली. सिस्टरना हळूच सांगितलं, मी जरा मागे उभी राहते, तिला मी दिसायला नको. "राहा की," म्हणाल्या. त्यांना बहुतेक आधीच कळलं होतं. मी खाटेच्या डोक्याशी उभी राहिले. सकाळपासून गंभीर, शांत, निर्विकार वगैरे चेहऱ्याची तयारी केली होती, ती अशी वाया.

कार्ड पुढे आलं. छोटी समोर बघत राहिली. जरा जास्तच वेळ. समोर खिडकीची काच.

"आई, दिसतेस तू."

सिस्टर फिसकन हसल्या. मग मलाही हसू आवरेना. छोटीने एकदा काचेतल्या माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग बोट दोनवरून चारवर, चारवरून पुढे सरकवलं.

"सहा. कालपण सहाच होतं."

"मग काल का नाही सांगितलंस गं?"

"काल तुझं आठ होतं ना."

आणि कार्डाचा कोपरा उचकटायला लागली. पुढे काही बोलायचंय असं तिच्या तोंडावर अजिबात नव्हतं. सिस्टरनी फाइलमध्ये सहा लिहिलं, दुखणं कमी व्हायचं औषध दिलं, आणि दहा मिनिटांत तिच्या पायाची बोटं सैल पडली. म्हणजे कालही हे होऊ शकलं असतं. काल ती एका 'दोन'साठी चार तास तशीच पडून होती.

घरी फोन करून यांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "खरंच आठ होतं का तुझं?"

छे, आठ कसलं. फार तर चार.