शंभर रुपयांत छत्रपतींचे किती?

साताऱ्यात राजवाड्यासमोर इतिहासाच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास येतं: पेशव्यांनी छत्रपतींची सत्ता बळकावली. कधी बळकावली म्हणून विचारा, तारीख कुणीच सांगणार नाही. तशी तारीखच नाही. गादी साताऱ्यातच राहिली, हलली ती वसुली. म्हणून या विषयात मी लढायांच्या आधी हिशेब बघायला सांगतो.

१७१९ साली शाहू महाराजांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा, म्हणजे बादशाही हक्कपत्रं, घेऊन आले. स्वराज्याच्या मुलखाची सनद होतीच, शिवाय दख्खनच्या सहा सुभ्यांवर, म्हणजे प्रांतांवर, चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखी (शेकडा दहा) यांचा हक्क. बदल्यात १५,००० स्वार बादशाही चाकरीला आणि वर्षाला दहा लाखांची पेशकश, म्हणजे बादशहाला नजराणा. खरी मेख मात्र घरी आल्यावर झालेल्या वाटणीत आहे.

सुभ्याच्या महसुलाचे १०० रुपये धरा. त्यावर सरदेशमुखीचे १० रुपये, ते राजाचं वतन. चौथाईचे २५. या २५ मधला चौथा हिस्सा, म्हणजे ६ रुपये ४ आणे, राजबाबती म्हणून छत्रपतींचा. साहोत्रा शेकडा ६ प्रमाणे, म्हणजे १ रुपया ८ आणे, राजाचे मंत्री पंतसचिव यांच्याकडे. नाडगौडा शेकडा ३, म्हणजे १२ आणे. तो कुणाला द्यायचा हे राजाच्या मर्जीवर. उरले १६ रुपये ८ आणे. हा मोकासा. तो सरदारांना, फौज बाळगण्यासाठी.

(इथे बरेच जण चुकतात. साहोत्र्याचे सहा टक्के चौथाईवर काढायचे, महसुलावर नाही.)

कागदावर राजाचे १६ रुपये ४ आणे आणि सरदारांचे १६ रुपये ८ आणे, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण चौथाई कुणी आपण होऊन आणून देत नसे, ती फौजेच्या बळावरच उगवायची. फौज मोकासदाराकडे, म्हणजे पैशावर पहिला हात त्याचा. शिवाय एकाच परगण्यात बाबती एकाची, साहोत्रा दुसऱ्याचा, मोकासा तिसऱ्याचा. कुणा एकाला सगळा मुलूख गिळता येऊ नये, हा त्याचा फायदा. तोटा असा की हा गुंता सोडवायला कारकून लागतात, आणि दफ्तर ज्याच्या हाती त्याचंच म्हणणं चालतं. ते दफ्तर पुढे पुण्यात फुगत गेलं.

त्यात माळव्याची भर पडली. शिंदे, होळकर, पवार ही माणसं पेशव्यांच्या हाताखाली वर आलेली, त्यांची नजर पुण्याकडे. सेनापती त्रिंबकराव दाभाडे १७३१ साली डभईला बाजीरावांशी लढताना पडले आणि छत्रपतींच्या जुन्या सरदारांत पेशव्यांना अडवू शकेल असं घराणं क्वचितच उरलं. शाहू महाराज हयात होते तोवर त्यांचा शब्द सगळे मानत. तो मान त्या माणसाचा होता, आणि १७४९ च्या डिसेंबरात तो त्यांच्याबरोबर गेला.

पुढच्याच वर्षी ताराबाईंनी नवे छत्रपती रामराजा यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. राजा हातात म्हणजे राज्य हातात, हा त्यांचा हिशेब. दमाजी गायकवाड फौज घेऊन मदतीला आले, पण वेण्णा नदीकाठी पेशव्यांच्या फौजेकडून त्यांना हार खावी लागली. राजा ताराबाईंच्याच ताब्यात राहिला आणि तरी पुण्याचा कारभार एक दिवस अडला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच.

नाव मात्र कुणी पुसलं नाही. पेशव्यांच्या शिक्क्यावर आधी 'श्री राजा शाहू नरपती हर्षनिधान', मग 'मुख्य प्रधान'. १७७४ साली पुरंदरावर सवाई माधवराव अवघे ४० दिवसांचे, तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच मागवावी लागली.

इंग्रजांनी हा धडा नीट गिरवला. १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना नीरा ते वारणा-कृष्णा एवढा मुलूख दिला, पण कारभार १८२२ पर्यंत कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ याच्या हाती ठेवला. तहात कलम असं घातलं की कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कुणाशी पत्रव्यवहार करायचा नाही. १८३९ साली महाराजांना पदच्युत करून बनारसला धाडलं, ते याच कलमाच्या आधाराने. आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचाही होता. भाऊ शहाजीराजे गादीवर आले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला, तो कंपनीने मानला नाही.

इथे मात्र तारीख सांगता येते. शहाजीराजे ५ एप्रिल १८४८ ला वारले आणि वसुलीच्या मागोमाग गादीही गेली.