मार्लेश्वराच्या लग्नाला चालत

संक्रांतीला रत्नागिरी जिल्ह्यात मारळच्या डोंगरात मार्लेश्वराचं, म्हणजे शंकराचं लग्न लागतं, नवरी साखरप्याची गिरिजादेवी. दरवर्षी नव्याने लग्न, आणि नुसतं नावाला नाय, आधी आंगवलीच्या मठात देवाला हळद लागते, घाणा भरतात, 360 मानकऱ्यांना आमंत्रणं जातात, मगच पुढचं सगळं. आमच्या वाडीतली मंडळी भोगीच्या संध्याकाळी देवरुखातून चालत निघतात, यंदा मी पण गेलो.

देवरुख ते मार्लेश्वर सतरा-अठरा किलोमीटर असेल, डांबरी रस्ता, एसटीच्या जादा गाड्या बाजूनं धावतायत, त्यामुळे घरून निघताना सगळ्यांनी वेड्यात काढलं की गाडी असताना पाय कशाला झिजवताय. बरोबरे त्यांचं. पण गाडीने गेलं की तुम्ही पार्किंगमध्ये उतरता आणि दर्शन घेऊन परत येता, चालत गेलं की तुम्ही वऱ्हाडी असता, हा फरक मला हातीवच्या पुढे गेल्यावर कळला, कारण तिथपासून रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारायला लागला, नवऱ्याकडचे की नवरीकडचे? आमची आत्ये (वय सत्तरच्या पुढे, पायात साधी रबरी चप्पल, चालायला माझ्यापेक्षा पुढे) म्हणते, आपण देवरुखची माणसं, आपली पालखी व्याडेश्वराची, तो या लग्नाचा यजमान, म्हणजे आपण घरचेच. लगेच मागून एक काकी, साखरप्याकडच्या असाव्यात, म्हणाल्या, "घरचे ना, मग नवरीला पाणी विचारा आधी!" असं रात्रभर चाललेलं. मधेच कुठेतरी भजनाचा टाळ, मधेच कोणाच्या तरी मोबाईलवर रिमिक्स, ते मात्र बंद करा असं दोनतीनदा सांगावं लागलं.

जानेवारीत इकडे दिवसा घाम निघतो पण रात्री नदीच्या कडेला गारठा असा असतो की कान बांधल्याशिवाय चालवत नाय. बावनदी इथूनच उगम पावते, रस्ता बराच वेळ त्या खोऱ्यातूनच जातो. आंब्याचा मोहोर फुललेला, वाऱ्यावर तो तुरट गोड वास, आणि त्यात कोणीतरी चुलीवर कुळथाची पिठी उकळतंय. एका अंगणात बसवून आम्हाला तांदळाची भाकरी आणि पिठी दिली, आंबट घट्ट पिठी, वरून कच्च्या खोबरेलाची धार, पैसे विचारले तर त्या बाईंनी सरळ झापलं. लग्नाला निघालेल्याकडून कोण पैसे घेतं का.

मारळ सोडलं की चढ सुरू. अंधारात समोर काळी भिंत दिसते तो सह्याद्रीचा कडा, तिन्ही बाजूंनी. मुंबईहून आलेला माझा चुलतभाऊ इथे गप्प झाला, तोपर्यंत ट्रेकिंगच्या गोष्टी सांगत होता, हरिश्चंद्रगड केलाय आणि काय काय. शेवटी पाचशेच्या वर पायऱ्या. पायऱ्या म्हणून सोप्या वाटतात पण रात्रभर चालून आलेल्या गुडघ्याला त्या एकेक मोजून कळतात, आणि गर्दी इतकी की थांबायचं म्हटलं तरी मागचा ढकलतो. आत्ये कठड्याला हात लावत, दर वळणावर "हर हर मार्लेश्वर" म्हणत वर. मध्यरात्र उलटून गेली होती. पालख्या भेटतात तेव्हा ढोल एवढे घुमतात त्या कड्यात की बोललेलं ऐकू येत नाय.

गाभारा म्हणजे गुहाच. वाकून आत जायचं. आत वीज नाय, समयांचा उजेड, दोन पिंडी, मल्लिकार्जुन आणि मार्लेश्वर. कपारीत साप असतात हे लहानपणापासून ऐकलेलं, मी बघितला एक, दगडाच्या फटीत अर्धा आत अर्धा बाहेर, माणसांची एवढी रांग जातेय आणि त्याला काही पडलेली नाय. गोष्ट अशी सांगतात की देव मूळचा मुरादपूरचा, तिथल्या जुलमाला कंटाळून डोंगरात येऊन बसला आणि पुढे शिकारीला आलेल्या आंगवलीच्या सरदाराला गुहेत सापडला. त्या फटीकडे बघताना पटतं, लपायला जागा बरोबर निवडलीय.

सकाळी उजाडल्यावर धारेश्वर दिसला. पावसाळ्यात जो धबधबा अंगावर येतो तो संक्रांतीला बारीक धार झालेला असतो, पण खालच्या करंबेली डोहाचं पाणी असं थंड की पाय घातला आणि रात्रीची सगळी झोप उडाली. इथे एक तक्रार करतोच, प्लास्टिकच्या प्लेटी आणि पाण्याच्या बाटल्या डोहाच्या कडेला तशाच टाकून जातात लोक, देवाच्या लग्नात घाण करायची ही कुठली रीत.

दुपारी लग्न लागलं. लिंगायत पद्धतीने, स्वामी मंगलाष्टका म्हणतात, अक्षता पडतात. माझ्या बाजूला उभा असलेला कॉलेजचा पोरगा पूर्ण व्हिडिओ काढत होता, अक्षता टाकायला हात रिकामा नव्हता म्हणून आत्येने त्याच्या वाटच्या पण टाकल्या.

उतरताना पोटऱ्या बोलायला लागल्या, खाली एसटीला हीऽऽ रांग. रात्रीच्या साखरपावाल्या काकी आमच्या पुढेच उभ्या होत्या आणि कंडक्टरला सांगत होत्या, नवरीकडची माणसं आहोत, आधी बसवा. त्याने बसवलं पण. आम्ही घरचे, म्हणून देवरुखपर्यंत उभे.