तापात फुटलेला शब्द

निनाद साडेतीन वर्षांचा असताना त्याला १०२ ताप भरला. एरवी हात लावला तरी अंग चोरणारा मुलगा त्या रात्री माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला, सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पाणी." चार महिने त्याच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. शब्दही गेला.

ऑटिझमचं निदान होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. मी रात्र-रात्र मोबाइलवर वाचत बसायची. तापात अशी मुलं थोडी मोकळी होतात हे माझं एकटीचं वेड नव्हतं. अमेरिकेत २००७ साली ३० मुलांवर तसा अभ्यास छापून आला होता. पुढे वाचलं की गरोदरपणात मोठा संसर्ग झाला तर आईची प्रतिकारशक्ती बाळाच्या मेंदूच्या घडणीत ढवळाढवळ करू शकते. २०१६ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग तर आयएल-१७ या प्रतिकारशक्तीच्या एका रेणूपर्यंत पोचला होता. मला पाचव्या महिन्यात डेंग्यू झाला होता. झालं! गुन्हेगार सापडला, आता उपायही सापडणार.

पहिल्यांदा गहू आणि दूध बंद केलं. बडोद्यात गहू सोडणं काही जड नाही, बाजरीचा रोटला कुठेही मिळतो आणि आमच्या दांडिया बाजारच्या घरात सासूबाई भाकऱ्या थापतातच. जड गेलं ते दही. निनादचं जेवण म्हणजे दहीभात, दुसरं काही नाही. मग कुणीतरी उंटाचं दूध सुचवलं. कच्छमुळे गुजरातेत ते मिळतं, २०१९ पासून अमूलनंही बाटलीत आणलंय. चवीला किंचित खारट. निनादनं पहिला घोट माझ्या ओढणीवर उडवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोराला माणसात आणायचंय ना? मग उंटाचं कशाला?"

त्याच सुमारास एकांनी त्याचे केस तपासायला पाठवले. रिपोर्टवर पारा आणि शिसं यांच्यापुढे लालभडक पट्टे. शरीरातले धातू काढायला चिलेशन करू म्हणाले.

आणि मुलगा खरंच सुधारत होता. रात्री सलग झोपायला लागला, पोट साफ व्हायला लागलं. मी मोठ्या तोऱ्यात आमच्या बालरोगतज्ज्ञांना सांगितलं. त्यांनी फाइल उलटली. याच दोन महिन्यांत ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली, जंताचं औषध दिलं, झोपायची वेळ बदलली. "मग फरक कशानं पडला?" मला उत्तर देता आलं नाही. वजन मात्र १५.२ वरून १४.१ किलोवर आलं होतं, ते त्यांनी पेनानं गोल करून दाखवलं.

चिलेशनचं नाव काढताच त्यांचा आवाज चढला. "बेन, आ नहीं करवानुं." २००५ साली पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा याच उपचारात दगावला होता, औषधानं रक्तातलं कॅल्शियम खाली आणलं आणि हृदय थांबलं. मी केसांचा तो रिपोर्ट पर्समधून बाहेरच काढला नाही.

स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशी टोचून घेण्याचं खूळ मात्र माझ्या नवऱ्याच्या डोक्यातून जायला वेळ लागला. दुसऱ्या शहरातल्या एका ठिकाणाहून रोज फोन यायचा. रक्कम लाखांत, हप्ते चालतील. माझ्या पाटल्यांचा हिशेबही घरात होऊन गेला होता. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर हे फक्त नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीतच करता येतं, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. मी फोनवर नोंदणी क्रमांक विचारला. "सरांना विचारून सांगते" म्हणाली ती मुलगी. त्यानंतर फोन नाही.

मग एक वही केली. एका वेळी एकच बदल, निदान सहा आठवडे, आणि थेरपिस्टला काही सांगायचं नाही. दूध-दही पुन्हा सुरू केलं, तिच्या नोंदींत कणभर फरक दिसला नाही. वजन भरून आलं. (ज्या मुलाला सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होणारा आजार, असेल त्याची गोष्ट निराळी, ती तपासणी आधी करून घ्यावी.) दरम्यान दिव्यांग प्रमाणपत्रही झालं. आयएसएए या ऑटिझम मोजायच्या भारतीय मापनपट्टीचे ४० मुद्दे आणि तीन हेलपाटे, त्यावर वेगळं लिहीन.

प्रतिकारशक्तीबद्दल मी अजून वाचते. त्या उंदरांच्या प्रयोगाकडे परत गेले तेव्हा पहिल्या वाचनात निसटलेली गोष्ट दिसली: आयएल-१७ रोखणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) गाभण माद्यांना टोचलं होतं. माझा मुलगा तर तोवर चार वर्षांचा झाला होता. आणि डेंग्यूचं म्हणाल तर डॉक्टरांनी एकच विचारलं, त्या वर्षी बडोद्यात किती गरोदर बायकांना झाला असेल?

मागच्या महिन्यात निनादला पुन्हा ताप आला. रात्री दोनला त्यानं वर बोट केलं आणि म्हणाला, "पंखा." मी उठून पंखा लावला, वही उघडली. ताप १०१. शब्द एक. औषध पॅरासिटामॉल. बाकी काही बदललं नाही.